मोडलंय की कंटाळा आलाय?

१५ एप्रिल २०१९ला पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला लागलेली आग आपल्यातल्या अनेकांनी मोबाइलवर पाहिली. डिसेंबर २०२४मध्ये ते चर्च पुन्हा उघडलं. त्यातल्या दोन नव्या कामांकडे बघा. छत कोसळलं तेव्हा वेदी चिरडली गेली होती. तिच्या जागी गियोम बार्दे यांनी ब्राँझची साधी, जड वेदी घडवली. दक्षिणेकडच्या सहा खिडक्यांची गोष्ट वेगळी आहे. वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या नक्षीदार काचा आगीतून वाचल्या. तरी त्या काढून चित्रकार क्लेअर तबुरे यांच्या नव्या काचा बसवायचं ठरलं. राष्ट्राध्यक्ष माक्राँ आणि आर्चबिशप, दोघांनाही ते हवं होतं. वारसा आयोगाने विरोध केला आणि दोन लाखांहून जास्त लोकांनी विरोधात सह्या केल्या.

दोन्ही कामं आजच्या कलाकारांची. मग राग खिडक्यांवरच का? कारण वेदीची जागा रिकामी झाली होती आणि खिडक्यांची रिकामी केली जाणार आहे.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. व्हियोले-ल-द्युक यांचं कामही त्या मध्ययुगीन चर्चमध्ये एकेकाळी नवंच होतं. शिवाय चर्च म्हणजे काही म्युझियम नव्हे. तबुरे यांच्या काचांवर पेंटेकॉस्टचा प्रसंग आहे, येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो. प्रार्थनेला बसलेल्यांना नुसत्या नक्षीऐवजी ही माणसं दिसावीत असं त्यांच्याच धर्मगुरूंना वाटलं, तर बाहेरच्यांनी नको का म्हणावं?

हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव आणि ‘पेरिप्लस’मधलं तगर. इथलं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे. मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं छत, म्हणजे थेट बौद्ध चैत्यगृहाचा घाट. हेन्री कझिन्स यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी ते मुळात चैत्यगृहच मानलं. आज आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे आणि पुढे नंतर जोडलेला मंडप. एखाद्या बौद्ध माणसाला हे पाहून आपलं घर दुसऱ्याचं झाल्यासारखं वाटलं, तर ते वाटणं खोटं नाही. पण ही जुनी कथा आपल्याला कळते, कारण नंतर आलेल्यांनी ते छत उतरवलं नाही. देव बसवला, मंडप जोडला आणि विटांना विटा राहू दिलं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज दुसऱ्याच्या जुन्या कोडवर काम करतो. तो कुरूप दिसतो, म्हणून सगळा नव्याने लिहायची खाज प्रत्येकाला येते. ही खाज कुठली आणि खरा बिघाड कुठला, हे टीममधली अनुभवी माणसं ओळखतात. चुकलंच तर जुनी आवृत्ती परत आणता येते. देवळाची आणता येत नाही.

‘जुनं काढून म्युझियममध्ये ठेवू की’ हे उत्तरही अर्धंच आहे. तेरच्याच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आज गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहे. ती वाचली हे फार चांगलं झालं. पण आता तिच्यातून कुणी वाकून देवापुढे जात नाही. तिचं चौकट असणं संपलं.

गावोगावी जीर्णोद्धार चालू आहेत. दगडी शिखरावर ऑइलपेंट चढतो, गाभाऱ्यात टाइल्स लागतात, झिजलेल्या मूर्ती पिंपळाखाली जातात. यामागे भक्ती आहे, घामाच्या पैशाची वर्गणी आहे. शहरातून फोटो पाहून नाक मुरडणं सोपं आहे. गळणारं छत दुरुस्त व्हायलाच हवं. भंगलेल्या मूर्तीच्या जागी आजच्या शिल्पकाराने नवी घडवली, तर मला त्यात आनंदच आहे. जुन्याची हुबेहूब नक्कल करायचीही सक्ती नको. पण जे शाबूत आहे, ते आपल्या आधीच्या कुणीतरी तितक्याच भक्तीने केलेलं असतं. ते काढायचा हक्क केवळ आज आपण जिवंत आहोत म्हणून मिळत नाही.

जीर्णोद्धार या शब्दातच अट आहे. आधी जीर्ण, मग उद्धार. गावच्या ग्रुपवर ग्रॅनाइटचे नमुने येतील तेव्हा पसंतीचा अंगठा दाखवण्याआधी एवढंच विचारा: हे मोडलंय, की आपल्याला त्याचा कंटाळा आलाय?