सोडायचं कोणी ठरवायचं?

मूल दहावीत गेलं की जळगाव-धुळ्याच्या घरांत जूनमध्येच आवराआवर सुरू होते. तबला बंद, कबड्डी बंद. चित्रकला तर इंटरमिजिएटचा निकाल लागला तेव्हाच संपलेली असते. यात कुणालाही काही वावगं वाटत नाही, कारण ठरवणारे आईबाप असतात. तेच मूल सातवीत असताना ‘मला स्काउटला नाही जायचं’ म्हणालं असतं, तर घर गोळा झालं असतं. काबरं सोडस रे भाऊ? एक काम धड नाही, धरसोडपणा नडेल पुढे, सर काय म्हणतील! म्हणजे आक्षेप सोडण्याला नसतोच. मुलानं ते स्वतः ठरवलं, याला असतो.

गुणांनी या गोंधळात भरच घातली आहे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीत ७ गुण वाढतात, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. या गुणांवर माझा राग नाही. त्यांच्यामुळेच अनेक शाळांत चित्रकलेच्या तासाला थोडी तरी किंमत उरली आहे. पण सात गुणांसाठी दोन वर्षं टिकलेल्या आणि निकालानंतर ब्रशला हात न लावलेल्या मुलाला चिकाटीचं म्हणायचं, आणि आपल्याला यात गोडी नाही हे सहा महिन्यांत ओळखून बाजूला झालेल्याला चंचल, हा न्याय मला पटत नाही. पहिल्यानं हिशेब केला. दुसऱ्यानं निदान स्वतःकडे पाहिलं.

गंमत म्हणजे, सगळ्यात कडक शिस्तीच्या एनसीसीला सोडण्याची अडचण वाटलेली नाही. १९४८च्या राष्ट्रीय छात्र सेना कायद्यात भरतीइतकीच मुक्ततेचीही तरतूद आहे. गणवेश, परेड, हजेरी सगळं असूनही बाहेर पडण्याची वाट कागदावर आहे. शाळेच्या लेझीम पथकातून बाहेर पडायचं तर मात्र पोटदुखीचं निमित्त शोधावं लागतं. खरं सांगायची सोय नसली की मुलं खोटं बोलायला शिकतात, आणि हे शिक्षण कुठल्याच प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

एका ठिकाणी मात्र मीही कडक आहे. कबड्डीत सात जण उतरतात. स्पर्धा तोंडावर असताना एकानं अंग काढून घेतलं तर बाकी सहा जणांची मेहनत पाण्यात जाते. स्नेहसंमेलनाच्या नाटकाचंही तेच. तिथे हंगाम पुरा करावा आणि मग सोडावं. चित्रकलेच्या किंवा हार्मोनियमच्या वर्गाला हा नियम लावण्याचं कारण नाही.

आणि काही सोडणं मुळात सोडणं नसतंच. साक्री, शिरपूर, चोपडा या भागांतल्या गावांतून शाळेला येणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास असतो, पण बस शाळा सुटण्याच्या वेळेला धरून धावते. खो-खोचा सराव त्यानंतर सुरू होतो. दोन-तीन आठवडे कुणीतरी मोटारसायकलवर घ्यायला येतं, मग कापूस वेचणी सुरू होते आणि येणारं माणूस शेतात अडकतं. मुलगी येईनाशी होते. शाळेत नोंद होते ती ‘रस नाही’ अशी. इथे मुलीला चिकाटीचा उपदेश करण्यापेक्षा सराव मधल्या सुट्टीत किंवा शेवटच्या तासाला घेता येतो का, हे पाहणं मुख्याध्यापकांचं काम आहे.

सोडण्याचा विषय निघाला की आपल्याकडे मोठं उदाहरण हाताशी असतं. साने गुरुजी १९२४पासून अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी दैनिक लिहून काढत होते. १९३०मध्ये ते सगळं सोडून स्वातंत्र्यलढ्यात गेले. हे आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगावंच. पण त्यातून नकळत एक अट तयार होते, की सोडायचं तर कारण तेवढं मोठं हवं. बारा वर्षांच्या मुलाकडे असं कारण कुठून असणार? त्याला बासरी आवडत नाही, एवढंच असतं. एक सत्र मन लावून करून पाहिल्यावर तेवढं कारण पुरेसं मानावं, असं माझं मत आहे.

शाळांनी त्यासाठी साध्या अर्जाची पद्धत ठेवावी. मुलानं स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहाव्यात, सरांनी त्याच्याशी पाच मिनिटं बोलावं, सही करावी. ‘मग त्या वेळात काय करणार?’ हा प्रश्न तेवढा विचारू नये. काही करणार नसलं, तरी अर्ज मंजूर व्हावा.