लहान जिवाचे दुःख लहान असते काय?

वाचकहो, मोठ्या प्राण्याचे क्लेश टाळावे म्हणून लहान प्राण्यास क्लेश देणे न्याय्य आहे काय? आपल्या देशाच्या कायद्याने ह्या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या 17 व्या कलमाचा आशय असा की, गिनीपिग, ससे, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवरील प्रयोगांतून तेच निष्कर्ष मिळणे शक्य असेल, तर मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. हेतू दयेचा आहे ह्यात शंका नाही. परंतु त्यात दोन गृहीते दडलेली दिसतात. लहान प्राण्यापासून तेच उत्तर मिळू शकते, हे पहिले. आणि लहान देहाचे दुःखही लहान असते, हे दुसरे.

पहिले गृहीत प्रथम पाहू. डुकरांच्या अंगावर लाल चट्टे उठवून त्यांचा जीव घेणारा एक जंतुजन्य रोग आहे. 1882 साली लुई पाश्चर आणि त्यांचे तरुण सहकारी लुई थुइलिए ह्यांनी फ्रान्सच्या दक्षिण भागात त्याचा अभ्यास केला. डुकराचा जंतू त्यांनी एका सशातून दुसऱ्या सशात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा नेला. प्रत्येक टप्प्यास तो सशांना अधिकाधिक मारक होत गेला. डुकरांना मात्र तो सौम्य ठरू लागला. कबुतरांतून नेलेला जंतू उलट डुकरांना अधिक जहाल झाला. ह्याचा अर्थ असा की, रोगाची तीव्रता ही एकट्या जंतूच्या ठायी नसते. जंतू आणि देह ह्यांच्या भेटीतून ती उत्पन्न होते. सशाच्या मरणावरून कोणी डुकराचे भवितव्य वर्तविले असते, तर ते साफ चुकले असते.

आजही हीच अडचण आहे. स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जंतू पुष्कळ निरोगी डुकरांच्या टॉन्सिलमध्ये निमूटपणे राहतो. परंतु काही पिलांना त्यापासून मेंदूच्या आवरणाचा दाह होतो, काहींचे सांधे सुजतात. डुकरास त्याची लागण बहुधा नाकातोंडावाटे होते, तर उंदरास अनेक प्रयोगांत तो पोटाच्या पोकळीत मोठ्या मात्रेने टोचावा लागतो. शिवाय उंदरांच्या एका वाणात जे मारक, ते दुसऱ्या वाणात सौम्य ठरते. मग उंदराने दिलेले उत्तर नेमके कोणाविषयीचे?

तर मग असले प्रयोग बंदच करावेत काय? इतके सोपे उत्तर देता येत नाही. 2005 साली चीनच्या सिचुआन प्रांतात ह्याच जंतूमुळे दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सुमारे 40 दगावली. त्यांतील बहुतेक आजारी वा मेलेली डुकरे हाताळणारे साधे शेतकरी होते. त्यांच्या जिवाचेही मोल आहे.

आता दुसरे गृहीत. रोगाची तीव्रता मोजताना निरीक्षक लक्षणांना गुण देतो. डुक्कर लंगडते, तोल जाऊन पडते, पाय झाडते. त्याची व्यथा गोठ्यातल्या माणसास सहज दिसते. उंदीर हा इतरांचे भक्ष्य असलेला जीव. तो दुखणे लपवितो. केस पिंजारणे, पाठीला पोक काढून बसणे, इतकेच आपल्या दृष्टीस पडते. जे आपणांस दिसत नाही त्यास आपण कमी गुण देतो, आणि मग त्या कमी गुणांनाच कमी दुःख समजतो. डुकराची जाण उंदरापेक्षा खोल असेलही. तथापि ते पारखून ठरवावे, देहाच्या आकारावरून गृहीत धरू नये. एका डुकराऐवजी शंभर उंदीर, हा हिशेब तर मुळीच सरळ नाही.

नीतिसूत्रे 12:10 मध्ये नीतिमान मनुष्य आणि त्याचा पशू ह्यांच्याविषयी जे सांगितले आहे, तेथे मूळ हिब्रू क्रियापद ‘जाणणे’ ह्या अर्थाचे आहे. भाषांतर करताना काळजी घेणे, जपणे असे शब्द सुचतात आणि ते चूक नव्हेत. परंतु मूळ शब्द आणखी काही मागतो: दया करण्याआधी त्या जिवास ओळखा, आणि तोही ‘त्याचा’ पशू, म्हणजे ज्याचा भार त्याच्यावर आहे तो.

ह्या ठिकाणी शास्त्र आणि नीती एकत्र येतात. जो उंदीर डुकराविषयी खरे सांगू शकत नाही, त्याचे क्लेश व्यर्थ जातात आणि डुकराचेही टळत नाहीत. म्हणून ‘तेच निष्कर्ष’ हे कायद्यातील शब्द सवलत म्हणून नव्हे, तर आधी सिद्ध करावयाची अट म्हणून वाचले पाहिजेत. रसेल व बर्च ह्यांनी 1959 साली तीन नियम मांडले: शक्य तेथे सजीवाऐवजी अन्य मार्ग घ्या, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांच्या वेदना कमी करा. हे तिन्ही नियम उंदरासही तितकेच लागू आहेत.

वाचकहो, आपण औषधे घेतो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सणासुदीला डुकराचे मांस शिजते. त्यामुळे हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. आपल्यासाठी कोणी क्लेश सोसले हे जाणून घेणे, आणि ते टाळता आले असते काय असे विचारणे, एवढे ऋण तरी आपल्यावर आहे.