भुंगेऱ्यांचा हिशेब

वळवाचा पाऊस पडून गेला की भालकी, बसवकल्याणच्या शिवारात तिन्हीसांजेला जमिनीतून तांबूस भुंगेरे निघतात आणि कडुनिंब-बाभळीकडे झेपावतात. रात्रभर पाला खाऊन पहाटे ते पुन्हा मातीत शिरतात. हे हुमणीचे भुंगेरे. त्यांच्या अळ्या पुढे उसाची मुळे कुरतडतात आणि वाळलेला ऊस हाताने सहज उपटून येतो. पांदीत शेणाची गोळी मागल्या पायांनी ढकलत नेणारा शेणकिडाही याच कुळातला. आपण मात्र एकाला शत्रू ठरवतो आणि दुसऱ्याला, फार झाले तर, मित्र.

शेणकिड्याचे मोल ऑस्ट्रेलियाला उशिरा कळले. तेथे 1788 पासून गाई गेल्या. पण तिथल्या भुंगेऱ्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गाईचे ओले शेण तसेच पडून राही, गवत गुदमरे, माश्या माजत. शेवटी 1960 च्या दशकात परदेशांतून शेणकिडे आणवावे लागले. आपल्याकडे हे काम विनावेतन चालते. जुन्या घराण्यांच्या दप्तरांत बैल, विहिरी, आंब्याची झाडे सापडतील. या गड्याची नोंद कोण ठेवणार?

तरीही ‘उपयोगी, म्हणून आदरणीय’ हा युक्तिवाद मला मुनिमाचा वाटतो. शेणकिडा आपल्या शेतासाठी राबत नाही. गोळीत अंडे घालून तो पिल्लांच्या अन्नाची तजवीज करतो. हुमणीची मादी मातीत अंडी घालते तीही त्याच ओढीने. गाजरगवत खाण्यासाठी मेक्सिकोहून आणून 1984 साली बंगळूरला सोडलेला भुंगेराही केवळ आपले पोट भरतो. पाप-पुण्याचा प्रश्न त्यांच्या नव्हे, आपल्या वागण्यापुरता उरतो.

म्हणून कर्ज काढून लावलेला ऊस हुमणीला अर्पण करावा, असे मुळीच नव्हे. रात्री कडुनिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे वेचणे, प्रकाशसापळे लावणे ही उघड लढाई आहे, आणि शेतकऱ्याचा तो हक्कच आहे. मात्र ती एकट्याने जिंकता येत नाही. साऱ्या गावाला पहिल्या पावसानंतरच्या त्याच रात्री बाहेर पडावे लागते. याउलट सबंध रान विषाने भिजवताना कोण मेले हे आपण पाहतही नाही. गुरांना दिलेल्या आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकाचा अंश शेणात उतरतो आणि त्यातल्या शेणकिड्याच्या अळ्या मरतात. तेव्हा सरसकट सारा गोठा न डोसता, पशुवैद्याला विचारून ज्या जनावराला गरज आहे त्यालाच औषध द्यावे, एवढे तरी या उन्हाळ्यापासून करता येईल.