तिरंग्याचा तक्ता आणि तिरंग्याचा वाद

ऑगस्ट जवळ आला की बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या वर्गांत एक तक्ता भिंतीवर चढतो. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी. शेजारी राष्ट्रीय पक्षी, राष्ट्रीय प्राणी आणि बरेचदा ‘राष्ट्रीय खेळ : हॉकी’. कोणत्याही खेळाला असा दर्जा दिलेला नाही, हे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ सालीच माहिती अधिकारात सांगितले आहे. मुले तक्ता पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात. शाळेबाहेर मात्र ती मोठ्यांकडून दुसरीच वाटणी ऐकतात : केशरी यांचा, हिरवा त्यांचा. या वाटणीपुढे पाठ केलेला तक्ता निरुत्तर होतो, कारण तो अर्थ कोणी, कधी आणि कशासाठी ठरवला हे मुलांना कोणी सांगितलेलेच नसते.

रंगांची धर्मवार वाटणी निराधार नव्हती, आणि ते लपवण्यात काही शहाणपण नाही. १९२१ मध्ये बेझवाड्याला पिंगली वेंकय्यांनी आखलेला ध्वज लाल आणि हिरवा होता. गांधीजींनी त्यात पांढरा पट्टा आणि चरखा सुचवला. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सर्वांचा, असा अर्थ तेव्हा उघडपणे मांडला गेला होता. चरख्याच्या ध्वजासाठी १९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात लोक तुरुंगात गेले. त्याचे नेतृत्व करणारे वल्लभभाई पटेल, जमनालाल बजाज ही नावे सर्वांना ठाऊक आहेत.

पुढचे वळण मात्र सरसकट चुकीचे वाचले जाते. ‘१९३१ मध्ये लालाऐवजी केशरी रंग आला’ एवढ्यावर बहुतेक पुस्तके ते उरकतात. प्रत्यक्षात तेव्हा रंगापेक्षा फार मोठी गोष्ट बदलली. रंग म्हणजे समाजाचा वाटा, असे एकदा मानले की ज्याचा रंग नाही तो विचारणारच, आमचा कुठे? शिखांनी तेच विचारले, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. काँग्रेसच्या कराची अधिवेशनाच्या वेळी सात जणांची समिती नेमली गेली. तीत पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग आणि पट्टाभि सीतारामय्यांबरोबर साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर होते. समितीने एकाच केशरी रंगाचा, चरखा असलेला ध्वज सुचवला. काँग्रेसच्या महासमितीने तो नाकारला.

ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत महासमितीने केशरी, पांढरा आणि हिरवा हे रंग स्वीकारले आणि त्यांना जातीय अर्थ नाही असे स्पष्ट केले. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा शांतीचा आणि सत्याचा, हिरवा श्रद्धेचा आणि वीरवृत्तीचा. शिखांच्या प्रश्नाला चौथा पट्टा जोडूनही उत्तर देता आले असते, पण मग पाचवा कोणी मागितला असता. त्याऐवजी वाटा मागण्याची गरजच संपवली गेली. धैर्य कोणाही एकाच्या मालकीचे नसते, तसेच सत्यही. माणसे भांडली, एक प्रस्ताव पडला, आणि मग सगळ्यांना आपला म्हणता येईल असा अर्थ हाती आला. मुलांनी शिकायला हवा तो हा प्रवास.

२२ जुलै १९४७ च्या ठरावात संविधान सभेने रंग, पट्ट्यांची समानता आणि २:३ हे प्रमाण नोंदवले. रंगांचे अर्थ दिले नाहीत. डॉ. राधाकृष्णन यांनी भाषणात हिरव्याचे नाते माती आणि वनस्पतींशी जोडले. म्हणजे सोळा वर्षांत हिरव्याचा अर्थ श्रद्धेकडून मातीकडे गेला आणि आजच्या तक्त्यात तो ‘समृद्धी’ झाला. चरखा काढून अशोकचक्र घेतले, असे मुलांना सांगतात. ठरावात तर ते चक्र चरख्याचेच प्रतिनिधित्व करते असे लिहिले आहे. बदलाचे एक कारण नेहरूंनी सभेत सांगितले : ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा, चरख्याची चाती मागच्या बाजूने उलटी दिसते. आठ वर्षांच्या मुलाला कागदावर चरखा काढून उजेडाकडे धरला की हे लगेच कळेल.

पुढे नियम वाढत गेले. १९७१ चा अवमान प्रतिबंधक कायदा, १९७६ ची मूलभूत कर्तव्ये, २००२ ची ध्वजसंहिता. नियम हवेतच, पण शाळांनी त्यांनाच शिक्षण मानले. १९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना शाळेतून काढले गेले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. धर्मश्रद्धेमुळे गात मात्र नसत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. गाणे सक्तीचे करणारा कायदाच नव्हता, आणि उभे राहण्यातला आदर न्यायालयाने ओळखला. ही घटनाही राष्ट्रीय प्रतीकांच्याच धड्यात यायला हवी.

तिसरी-चौथीच्या मुलांना हे सारे पेलते. वर्गाचा एक झेंडा ठरवायला सांगा. कोणता रंग कोणाचा यावरून पंधरा मिनिटांत भांडण होईल. तिथेच शिक्षकांनी १९३१ ची गोष्ट सांगावी आणि सर्वांना मान्य होईल असा अर्थ शोधायला मुलांना पुढचा तास द्यावा. बालभारतीच्या पुस्तकांत राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा सुरुवातीलाच असतात. मुंबईतल्या त्या निर्णयावरचा एक परिच्छेदही तिथे सहज मावेल.