नाईनच्या वेशीवरची आई



नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतो. या रविवारी रणांगणावर प्राण ठेवलेल्या जवानांचेही स्मरण करू या.

रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे सुपुत्र नायक यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढत होते. १० जुलै १९४४ रोजी मशीनगनच्या माऱ्याखाली त्यांच्या तुकडीतील सारे सोबती ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. त्यांनी ते ठाणे काबीज केले, पण शत्रूच्या गोळ्या लागून तेथेच कोसळले. वय अवघे २२ वर्षे! त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मात्र घरच्यांनी फूल वाहावे अशी कबर नाही. इटलीतील कासिनो स्मारकावर केवळ नाव कोरलेले आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय ७) नाईन गावची विधवा आपल्याला भेटते. तिच्या एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा निघाली होती. सोबत गावची मोठी गर्दी होती, पण येशूला कळवळा आला तो त्या आईचा. प्रभूने मुलाला उठवले आणि आईच्या स्वाधीन केले.

२ नोव्हेंबर २०२३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील युद्ध दफनभूमीत मिस्सा अर्पण केली. थडग्यांवरची कोवळी वये वाचून त्यांना आठवण झाली ती मुलगा गेल्याचे पत्र हाती पडलेल्या आयांची. मुलगा वीर ठरला, पण आईचा तो गेलाच!

त्या मशीनगनमागे मेलेले जर्मन सैनिकही कोणाची तरी लेकरेच होती. असे म्हटल्याने घाडगेंचे शौर्य उणे होत नाही. वैऱ्यासाठीही प्रार्थना करा, ही तर प्रभूचीच आज्ञा आहे.

आपल्या पणदरे-बारामती भागातली मुलेही सैन्यात भरती होतात. गावात तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी येते तेव्हा घोषणा द्यायला सारे जमतात. तेराव्यानंतर मात्र त्या घरी कोण जाते? मुलाला परत आणणे आपल्या हाती नाही. आईजवळ जाऊन बसणे आहे. या आठवड्यात अशा एका घरची पायरी आपण चढू या.

प्रार्थना : हे प्रभो, युद्धात मेलेल्या सर्वांना चिरशांती दे. त्यांच्या आयांचे, पत्नींचे व मुलांचे अश्रू पूस. राज्यकर्त्यांना शांतीची वाट दाखव. आमेन.