न झालेल्या गोलाचा हिशेब

पहारेकऱ्याच्या कर्तृत्वाला पुरावा नसतो. झालेली चोरी सर्वांना दिसते. न झालेली चोरी कोणालाच दिसत नाही. माणसाच्या कर्माची किंमत त्याच्या दृश्य फलावरून ठरविण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. परंतु एखादी गोष्ट घडू न देणे हेच ज्याचे कर्म, त्याचे मोजमाप कशाने करावे? नीतिविचारातला हा जुना पेच कॅनडा आणि अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या आइस हॉकी या खेळाच्या विक्रमांत विलक्षण स्पष्टपणे दिसतो. तेथे तो गोलरक्षकाच्या वाट्याला आला आहे.

बर्फाच्या मैदानाच्या टोकाला सहा फूट रुंद आणि चार फूट उंच अशी गोलची चौकट असते. तिच्यासमोर एकच माणूस उभा राहतो. त्याच्या दिशेने येणारी कठीण रबराची चकती वजनाने सुमारे १७० ग्रॅम असते, आणि जोरदार फटक्यानंतर तिचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जातो. चकती जाळ्यात गेली की मागे लाल दिवा पेटतो. अडविलेल्या फटक्यासाठी मात्र दिव्याची योजना नाही.

तरीही अडविलेल्या फटक्यांची मोजदाद होते, आणि तिच्यातून एक विसंगती पुढे येते. ४ मार्च १९४१ रोजी शिकागोचा गोलरक्षक सॅम लोप्रेस्टी याच्यावर बॉस्टनच्या खेळाडूंनी ८३ फटके मारले. त्यांपैकी ८० त्याने अडविले. नॅशनल हॉकी लीगमध्ये नियमित वेळेत संपलेल्या सामन्यातला हा उच्चांक आहे. तो सामना शिकागोने ३–२ असा गमावला. ऑगस्ट २०२० मध्ये कोलंबसचा योनास कॉर्पिसालो याने टॅम्पा बे संघाविरुद्ध पाच जादा डावांपर्यंत लांबलेल्या सामन्यात ८५ फटके अडविले. त्याच्याही संघाचा ३–२ असाच पराभव झाला. असे पराक्रम पराभवाच्या सोबतीने यावेत, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. गोलरक्षकावर फटक्यांचा वर्षाव होतो तो त्याचे सहकारी प्रतिपक्षाला रोखू शकत नाहीत म्हणून. त्याचा उच्चांक हा काही अंशी इतरांच्या दुर्बलतेचाही लेख असतो.

याची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. मार्टिन ब्रोडूर याने १,२६६ सामने खेळून ६९१ विजय मिळविले, आणि १२५ सामन्यांत प्रतिपक्षाला एकही गोल करू दिला नाही. हे दोन्ही विक्रम आहेत. परंतु नियमित हंगामातील सर्वाधिक पराभवांचा, ३९७ चा, विक्रमही त्याच्याच नावावर आहे. यश आणि अपयश यांची टोके एकाच माणसापाशी मिळावीत याचे कारण सरळ आहे: वर्षानुवर्षे त्या जागी तोच उभा राहिला. जो उभाच राहत नाही त्याच्या नावावर पराभव लागत नाहीत.

सर्वांनाच अशी दीर्घ संधी लाभत नाही. ७ फेब्रुवारी १९७६ रोजी टोरांटोच्या डॅरिल सिटलरने बॉस्टनविरुद्ध सहा गोल केले आणि चार गोलांना हातभार लावला. एका सामन्यात दहा गुणांचा तो विक्रम आजही उल्लेखिला जातो. सामना ११–४ असा संपला. बॉस्टनच्या गोलसमोर त्या रात्री डेव्ह रीस हा नवखा गोलरक्षक होता. अकराही गोल त्याच्यावर झाले. त्यानंतर लीगमध्ये तो पुन्हा कधी खेळला नाही. त्याच्या एकूण १४ सामन्यांत सात विजय होते, आणि दोनदा त्याने प्रतिपक्षाला एकही गोल करू दिला नव्हता. त्या दोन रात्री कोणाच्या स्मरणात नाहीत.

यावर असा आक्षेप घेता येईल की, खेळाचा निर्णय अखेर गोलांवरच होतो. परिस्थितीचे निमित्त पुढे केले तर कोणावरच जबाबदारी राहणार नाही. आक्षेप निराधार नाही. अकरा गोलांपैकी काही रीसला अडविता आले असते, हे मान्यच करावे लागेल. परंतु दोषातून पूर्ण मुक्ती आणि दोषाचा पूर्ण भार यांच्यामध्ये न्यायाला पुष्कळ जागा आहे. त्याच्या हातून काय निसटले हे विचारण्याआधी त्याच्यावर काय चालून आले, हे विचारणे एवढीच न्यायाची मागणी आहे.

केवळ फलावर दृष्टी ठेवण्याचा परिणाम याहून खोल जातो. ग्लेन हॉल १९५५ ते १९६२ या काळात नियमित हंगामाचे सलग ५०२ सामने पूर्णवेळ खेळला, तेही चेहऱ्यावर मुखवटा न घालता. सामन्यापूर्वी त्याला वांती होत असे. आकड्यांच्या तक्त्यात ५०२ दिसतात. ती भीती दिसत नाही. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बॅथगेटच्या फटक्याने माँट्रियलच्या जाक प्लांटचा चेहरा फाटला. टाके घातल्यावर, मुखवट्याशिवाय मैदानात उतरणार नाही, असे त्याने सांगितले. प्रशिक्षक टो ब्लेक यांना मुखवटा पसंत नव्हता. पण संघाजवळ दुसरा गोलरक्षक नव्हता. माँट्रियलने तो सामना ३–१ असा जिंकला, पुढेही संघ जिंकत राहिला, आणि विरोध मावळू लागला. मार्च १९६० मध्ये प्रशिक्षकांच्या आग्रहाखातर प्लांट एकदा मुखवट्याविना खेळला. त्या सामन्यात संघ ३–० असा हरला, आणि वाद संपला.

मुखवटा योग्य ठरला तो संघ जिंकला म्हणून. संघ हरत राहिला असता तर माणसाला स्वतःचा चेहरा वाचविण्याचा अधिकार नाही, असे ठरले असते काय? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही तक्त्यात मिळणार नाही. काही गोष्टींचे औचित्य फलाच्या आधीच सिद्ध असते. विजय त्यांना साक्षी म्हणून उपयोगी पडतो, प्रमाण म्हणून नव्हे. रक्षणाचे काम ज्यांच्यावर सोपविले आहे, त्यांचे मोल ठरविताना हा भेद विसरला गेला, तर समाज त्यांच्याकडून सुरक्षितता घेत राहतो आणि हिशेबात मात्र त्यांच्या नावावर केवळ झालेले गोल मांडतो.