माफीचा अधिकार

ख्रिस्ती माणसाशी धर्माचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य तयार असते, 'आम्हीही हजरत ईसांना मानतो.' वाक्य खरे आहे. ईसा अलैहिस्सलाम यांच्या पैगंबरीवर ईमान ठेवल्याशिवाय मुसलमानाचे ईमान पुरे होत नाही. कुरआनात त्यांचे नाव पंचवीस वेळा आले आहे. त्यांच्या आईच्या नावाची एक सबंध सूरह आहे आणि साऱ्या कुरआनात नावाने उल्लेखलेली स्त्री एकच, ती म्हणजे बीबी मरियम. आम्ही उर्दू शिकवतो, त्यामुळे ईसा आम्हाला पदोपदी भेटतात. गझलेतला मरणाऱ्याला जगवणारा तो 'मसीहा' आणि गल्लीतल्या हातगुणाच्या डॉक्टरलाही लोक 'मसीहा'च म्हणतात. पण खरे वाक्यसुद्धा समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरता येते, हे आम्हाला बी.एड.च्या वर्षी कळले.

आमच्या तुकडीत वसईचा एक ख्रिस्ती मित्र होता. सराव पाठांचे तक्ते आम्ही दोघे रात्री खोलीवर बसून एकत्र रंगवत असू. त्या दिवसांत अहमद दीदात यांच्या वादविवादांच्या सीडी आम्ही झपाटल्यासारख्या पाहिल्या होत्या. सुरत जिल्ह्यात जन्मून दक्षिण आफ्रिकेत वाढलेला हा माणूस बायबलची वचने अध्याय-ओळीसकट तोंडपाठ सांगून मोठमोठ्या पाद्र्यांना अडवतो, याचे आम्हाला फार कौतुक होते. असेच एका रात्री आम्ही मित्राला विचारले, "तुमचा देव क्रुसावर मेला म्हणता, तर मग तो पुन्हा उठेपर्यंत जग कोण चालवत होतं?" विचारताना आम्हाला हसू आले. त्याला आले नाही. तो ब्रश पाण्यात हलवत राहिला. वातावरण निवळावे म्हणून आम्ही ते तयार वाक्य पुढे केले, की अरे, आम्हीही ईसांना मानतोच.

"मानता ना?" तो म्हणाला. "मग सांग, तुमचे ईसा माझं पाप माफ करू शकतात का?"

"माफ करणारा फक्त अल्लाह."

"मग तू दुसऱ्याच कोणाबद्दल तरी बोलतोयस."

एवढे बोलून त्याने तक्त्याची कड रंगवायला घेतली. आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे तर तो प्रश्न आहे हेच तेव्हा लक्षात आले नाही, आम्हाला ती फटकळ बोली वाटली. प्रश्न कळायला नोकरी लागावी लागली आणि पाचवीच्या वर्गातला एक मुलगा भेटावा लागला.

त्या मुलाच्या मामूने कतारहून त्याला एक पेन आणून दिला होता. शेजारच्या मुलाने तो हिसकावला, ओढाताणीत पेन पायाखाली चिरडला गेला. आम्ही दोषी मुलाला उभे केले, कान धरायला लावले. तो रडू लागला तशी आमची दया जागी झाली आणि आम्ही म्हणालो, "जाओ, माफ किया." तास संपला. ज्याचा पेन फुटला तो मुलगा टेबलापाशी आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "सर, आपने कैसे माफ किया? पेन तो मेरा था."

हक्कुल इबाद आम्ही दरवर्षी शिकवतो. अल्लाहचा हक्क चुकला तर अल्लाह माफ करील, पण बंद्याचा हक्क मारला तर त्या बंद्याकडेच जावे लागते, हे मुलांकडून पाठ करून घेतो. आणि त्या दिवशी आम्ही स्वतःच दुसऱ्याच्या नुकसानीवर माफीचा शेरा मारून मोकळे झालो होतो.

पुढे काही महिन्यांनी शुभवर्तमाने वाचायला घेतली. वाद जिंकण्यासाठी म्हणून पूर्वी तुकड्या-तुकड्यांनी वाचली होती, या वेळी सलग वाचली. सोबतीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' होते. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते हेच. मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्याच अध्यायाशी आम्ही थबकलो. कफर्णहूम गावी येशू एका घरात बोलत आहेत, दारात मुंगीला शिरकाव नाही. चार माणसे एका पक्षाघाती रोग्याला उचलून आणतात, आत जाता येत नाही म्हणून छप्पर उकलतात आणि खाट वरून खाली सोडतात. सगळे चमत्काराची वाट पाहत असताना येशू त्या रोग्याला सांगतात, की तुझ्या पापांची क्षमा झाली. तिथे बसलेले शास्त्री मनात म्हणतात, हा काय बोलतो आहे? पापांची क्षमा एका अल्लाहशिवाय कोण करू शकतो?

तो आमच्या वर्गातला प्रश्न होता. पेन तर माझा होता, तुम्ही कसे माफ केले?

आमची प्रामाणिक कबुली अशी, की त्या घरात आम्ही असतो तर शास्त्र्यांच्याच रांगेत बसलो असतो. शुभवर्तमानात शास्त्र्यांची बाजू वाईटच दाखवलेली असते असे आपण धरून चालतो, पण इथे त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्या रोग्याने येशूंचे काहीही बिघडवलेले नव्हते, बहुधा पूर्वी कधी भेटही नसेल. ज्याचे नुकसान झाले त्यानेच माफ करावे, हा न्याय. मग हे माफ कशाच्या जोरावर करतात? शास्त्र्यांनी उत्तर दिले, हा कुफ्र आहे. हीच घटना मत्तय सांगतो तेव्हा शेवटी जमलेले लोक, माणसांना एवढा अधिकार देणाऱ्या देवाची स्तुती करतात. म्हणजे अधिकार दिलेला आहे. हे उत्तर आपल्याला जवळचे वाटते. सूरह मायदाच्या एकशे दहाव्या आयतीत ईसांचे मोजिजे सांगितले आहेत, मातीच्या पाखरात फुंकर घालणे, जन्मांधाला आणि कोढ्याला बरे करणे, मुर्द्याला उठवणे. आणि त्या एका आयतीत अल्लाह चार वेळा बजावतो, की माझ्या इज्नने, माझ्या परवानगीने. ख्रिस्ती श्रद्धेने तिसरे उत्तर निवडले. ज्याच्याविरुद्ध पाप घडले तोच त्या घरात बसून बोलत होता, म्हणून त्याला माफ करता आले.

आमच्या मित्राचा प्रश्न हा होता. मसीह ही मोठी व्यक्ती होती की नाही, हे तो विचारतच नव्हता. आपण त्यांना आदराचे कितीही मोठे आसन दिले तरी त्याच्या दृष्टीने मूळ गोष्ट बाजूलाच राहते.

आपल्याकडे या जागी नेमके काय आहे, हे त्याच सूरहच्या शेवटी सापडते. कयामतच्या दिवशी अल्लाह ईसांना विचारील, की मला आणि माझ्या आईला माबूद करा असे तू लोकांना सांगितलेस काय? ईसा नाकारतील. आणि पुढे आपल्या अनुयायांबद्दल जे म्हणतील त्याचा आशय असा, की तू शिक्षा केलीस तर ते तुझे बंदे आहेत आणि माफ केलेस तर तू समर्थ आहेस, हिकमतवाला आहेस. कफर्णहूमच्या घरात ज्यांनी माफी दिली असे ख्रिस्ती मानतात, ते आपल्या ग्रंथात माफीचा सारा कारभार मालिकाच्या हाती सोडून हात जोडून उभे आहेत. हदीसमध्ये आहे, की पैगंबर (स.) एका रात्री नमाजमध्ये हीच एक आयत पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा पढत राहिले. दोन धर्मांतला फरक आपण एक आणि तीन या आकड्यांत मोजतो. तीन देव आहेत असे ख्रिस्ती स्वतः कधीच म्हणत नाहीत, तेही एकच ईश्वर म्हणतात. आमच्या मते खरा फरक या दोन दृश्यांच्या मधोमध आहे.

आणखी एक गैरसमज आमच्या डोक्यात सीडीच्या दिवसांपासून बसला होता. तो असा, की येशूंना देव ठरवले ते रोमी बादशहा कॉन्स्टंटाइनने, इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत, आणि विरोध करणारा आरियस हा जवळजवळ आपल्याच विचाराचा होता. २०२५ मध्ये त्या परिषदेला सतराशे वर्षे झाली, त्या निमित्ताने थोडे वाचले तेव्हा दोन्ही गोष्टी डळमळल्या. नायसिया ज्या बिथिनिया प्रांतात होते, त्याच प्रांताचा सुभेदार प्लिनी याने इ.स. ११२ च्या सुमारास बादशहा ट्रेजनला पत्र लिहून कळवले होते, की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देवासमान मानून स्तोत्र म्हणतात. परिषदेच्या दोनशे वर्षे आधीची ही एका परक्या, नाराज अंमलदाराची साक्ष. आणि आरियसही येशूंना आपल्यासारखा बंदा मानत नव्हता. तो त्यांना सर्व सृष्टीच्या आधी निर्माण झालेला आणि ज्याच्याद्वारे सृष्टी घडली असा मानी. त्यांना 'निर्माण केलेले' म्हणावे की 'पित्याशी एकतत्त्व', यावर भांडण होते. परिषदेने 'एकतत्त्व' म्हटले. आपल्याला दोघांचेही म्हणणे मान्य होणारे नाही, तेव्हा उगाच आरियसला आपल्या बाजूला ओढण्यात अर्थ नाही.

वादात आपली माणसे काही ठरलेली वचने काढतात. शेवटची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असे येशू सांगतात. गेथशेमाने बागेत रात्री ते घाबरून दुआ मागतात, की माझी नाही, तुझी इच्छा होवो. मग देवच देवाकडे दुआ मागतो काय? आम्हीही हे विचारले आहे आणि प्रश्न आजही पोकळ वाटत नाही. ४५१ च्या काल्सेदोन परिषदेने एकाच व्यक्तीत पूर्ण ईश्वरत्व आणि पूर्ण मनुष्यत्व म्हणून जे उत्तर दिले, ते आमच्या बुद्धीला पटत नाही. पण ख्रिस्ती माणूस ही वचने लपवत नाही, हे आम्ही विसरत होतो. गेथशेमानेची ती दुआ तर तोच दर वर्षी पवित्र सप्ताहात देवळात वाचतो. आम्हाला जी अडचण दिसते, तीच त्याच्या भक्तीची जागा आहे. ज्याच्याकडे सर्व अधिकार, तो कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो, योहानाच्या तेराव्या अध्यायात. अधिकार म्हणजे काय, याचा अर्थच तिथे उलटा होतो. छडी हातात घेऊन वर्गात उभे राहणाऱ्या आमच्यासारख्याने हे पान सावकाश वाचावे असे आहे.

पण सर्वात जास्त आम्हाला अडकवले ते मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाने. शेवटच्या न्यायाच्या दिवशी मनुष्याचा पुत्र न्यायासनावर बसून सांगतो, की मी भुकेला होतो, आजारी होतो, तुम्ही मला खाऊ घातले, मला पाहायला आलात. लोक विचारतात, केव्हा? तो म्हणतो, या माझ्या लहानातल्या लहान भावासाठी केलेत ते माझ्यासाठीच केलेत. आपल्या वाचकांना लगेच आठवेल, सहीह मुस्लिममधली हदीस-ए-कुदसी अशीच आहे. अल्लाह कयामतच्या दिवशी विचारतो, मी आजारी होतो, तू मला पाहायला आला नाहीस. बंदा चकित होऊन विचारतो, तू तर साऱ्या जगाचा रब, तुला पाहायला कसा येणार? तेव्हा उत्तर मिळते, माझा अमुक बंदा आजारी होता, त्याला भेटायला गेला असतास तर मी तुला त्याच्यापाशी सापडलो असतो.

त्याच्यापाशी. आम्ही हा शब्द कितीतरी वेळा वाचून पाहिला. आजाऱ्याच्या उशाशी अल्लाह आहे, पण आजारी माणूस अल्लाह नाही. आपली तौहीद इथवर येते आणि इथे अदबीने थांबते. ख्रिस्ती श्रद्धा आणखी एक पाऊल टाकते आणि म्हणते, एकदा तो स्वतःच खाटेवर आला. ते पाऊल आम्ही टाकू शकत नाही. एका माणसाला तो मान दिला की पुढे त्याच्या नावाने बोलणाऱ्यांची रांग लागते, अशी आमची धास्ती आहे आणि सोळाव्या शतकात क्षमापत्रांची विक्री झाली तेव्हा मार्टिन ल्यूथरला उठावे लागले, हा इतिहासच आहे. मात्र यावर फार ऐट दाखवण्यासारखी आपली स्थिती नाही. आपल्याकडे माफी वाटण्याचा अधिकार कोणी सांगत नसेल, पण जहन्नमचे दाखले हातोहात देणारे गल्लोगल्ली बसलेले आहेतच. तो अधिकार त्यांना कोणी दिला?

मतभेद ठेवूनही माणसे एका छताखाली बसू शकतात, याचे उदाहरण आपल्याच सीरतमध्ये आहे. नजरानच्या ख्रिस्ती लोकांचे शिष्टमंडळ मदीनेला आले, विषय हाच होता, ईसा कोण? इब्न इसहाक सांगतात, की त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांनी मस्जिद-ए-नबवीतच पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना केली आणि पैगंबरांनी (स.) त्यांना अडवू दिले नाही. वाद मिटला नाही. करार करून, आपला धर्म आणि आपली देवळे राखून ते परत गेले. ज्या मशिदीत त्यांच्या श्रद्धेला नाही म्हटले गेले, तिथेच ती उच्चारलीही गेली.

गेल्या वर्षी वसईला एका लग्नाला जाणे झाले तेव्हा मित्राच्या घरी गेलो. जुन्या रात्रीची, त्या हसण्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मी विसरलोही होतो." विसरला नव्हता, कारण रंगाची कोणती डबी उघडी होती तेही त्याने सांगितले. मग आम्ही त्याला पेनाची गोष्ट ऐकवली, कफर्णहूमचे सांगितले. त्याला आनंद झाला. पण शिक्षकच तो, त्याने नेमके बोट ठेवले. येशूंनीही म्हटले आहे, की वेदीवर अर्पण आणलेस आणि आठवले की भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. जक्कयनेही लुबाडलेल्यांना चौपट परत करायचे कबूल केले होते. तेव्हा तुझ्या त्या मुलाचा हक्क आमच्याकडेही बुडत नाही, असे तो म्हणाला.

"मग पुढे काय झालं? त्या पोराने माफ केलं का?"

आम्ही ते विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक पेन आणून त्याच्या हातावर ठेवला होता आणि विषय संपवला होता. तो मुलगा आता दुसऱ्या शाळेत आहे.